कफनी न उतरविलेला तत्त्वज्ञ

नव्या पंथाला पहिले अनुयायी कोठून मिळतात, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा भोळ्या भाविकांच्या गर्दीत शोधतो. परंतु ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या दोन शतकांचा वृत्तांत चाळताना माझे लक्ष वेधून घेतात ती अशी माणसे, ज्यांना आरंभी या प्रकरणाविषयी विश्वास तर नव्हताच, उलट तिटकारा होता. पुढे प्रेषित म्हणून गाजलेला पौल तर आरंभी ख्रिस्ती लोकांचा उघडउघड छळ करणारा. पण अविश्वास खुद्द येशूच्या घरातही होता. त्याचे डोके फिरले आहे असे समजून आप्त त्याला धरून नेण्यास निघाले, असे शुभवर्तमानकार मार्क सांगतो, आणि भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता हे दुसरा शुभवर्तमानकार योहानही नमूद करतो. संस्थापकाच्या घरातली ही नामुष्की अनुयायांनी मुद्दाम रचली असेल असे मला वाटत नाही. त्याच भावांपैकी याकोब पुढे यरुशलेममधील मंडळीचा प्रमुख झाला, आणि इ. स. 62 मध्ये, एक रोमन सुभेदार मरण पावला असून दुसरा अद्याप रुजू झालेला नाही अशी संधी साधून, महायाजकाने त्याला दगडांनी ठार करविले. यहुदी इतिहासकार जोसीफस याने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

याकोबाच्या मनात काय घडले ते त्याने आपल्यासाठी लिहून ठेवलेले नाही. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती झालेला तत्त्वज्ञ जस्टिन याने मात्र स्वतःविषयी पुष्कळ लिहिले. पॅलेस्टाइनमध्ये, आज ज्याला नाब्लुस म्हणतात त्या गावी, पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या प्रारंभी जन्मलेला हा गृहस्थ सत्याच्या शोधात गुरूंचे उंबरठे झिजवीत हिंडला. स्टोइक गुरूला ईश्वराविषयी विचारावे तर तो म्हणे, त्या ज्ञानाची गरजच नाही. ॲरिस्टॉटलच्या परंपरेतल्या पंडिताने थोड्याच दिवसांत फीची गोष्ट काढली (शिकवणीचा हा व्यवहार आजकालचाच आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे). आणि पायथागोरसच्या अनुयायाने, आधी संगीत, खगोलशास्त्र व भूमिती शिकून ये, असे सांगून त्याची बोळवण केली. प्लेटोच्या विचारांत तो रमला खरा, पण एकदा समुद्राजवळ एकांतात चिंतन करीत असता भेटलेल्या एका वृद्धाने आत्म्याविषयी असे काही प्रश्न केले, की त्याचे सारे पांडित्य निरुत्तर झाले आणि मन ख्रिस्ती धर्माकडे वळले. ही भेट अक्षरशः घडली की ग्रंथरचनेची ती एक युक्ती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

मला अधिक मोलाची वाटते ती त्याने अन्यत्र दिलेली दुसरी कबुली. ख्रिस्ती लोक नरमांस खातात, विलासात लोळतात, अशा वावड्या त्या काळी सर्वत्र उठत, आणि जस्टिनच्याही त्या कानी आल्या होत्या. परंतु हेच लोक मृत्यूसमोर निर्भयपणे उभे राहतात हे पाहून त्याने न्यायाधीशाच्या थंडपणाने विचार केला, की ज्याला भोगाची चटक लागली आहे तो आपले भोग हिरावून घेणाऱ्या मरणाला असा सामोरा कशाला जाईल? येथे चमत्कार नाही, अश्रू नाहीत. पुरावा तोलण्याची संशयी माणसाची जुनी सवयच त्याला श्रद्धेच्या दारापर्यंत घेऊन आली. म्हणूनच तत्त्वज्ञांची कफनी त्याने पुढेही अंगावरून उतरविली नाही. रोममध्ये तो एका स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहून येईल त्याला शिकवीत असे, आणि सम्राट अंटोनायनस पायस याला त्याने जो प्रदीर्घ अर्ज लिहिला त्यात, केवळ ख्रिस्ती या नावावरून शिक्षा न देता आमच्या वर्तनाची चौकशी करावी, एवढीच मागणी केली.

सुमारे 165 साली त्याला नगराधिकारी रस्टिकस याच्यासमोर उभे करण्यात आले. हा रस्टिकस सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू व स्वतः स्टोइक पंथाचा. अर्थात एका तत्त्वज्ञाचा निवाडा दुसऱ्याकडे आला. त्या जबान्यांचे टिपण आजही उपलब्ध आहे. जस्टिनने तुम्हांला ख्रिस्ती केले काय, असा सवाल रस्टिकसने त्याच्या सोबत्यांना केला, तेव्हा त्यांतला युएल्पिस्टस नावाचा शाही गुलाम म्हणाला, की जस्टिनचे बोलणे आपण आनंदाने ऐकत असू, पण धर्म मिळाला तो आईबापांकडून. गुरूने गुरूंमागून गुरू पालथे घालून जे मिळविले, ते शिष्याला घरातच लाभले होते. रस्टिकसने हा भेद विचारात घेतला नाही. जस्टिन आणि त्याचे सहा सोबती, सर्वांनाच फटके मारून शिरच्छेद करण्याचा हुकूम त्याने फर्मावला.