गावाचं नाव सापडेपर्यंत



माणूस देश सोडून निघतो तेव्हा सामानाबरोबर गावाचं नावही घेऊन निघतो. पहिली पिढी ते रोज उच्चारते, दुसरी सणासुदीला, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीला फक्त देशाचं नाव ठाऊक असतं. अमेरिकेतल्या असंख्य आयरिश वंशाच्या कुटुंबांचं नेमकं हेच झालं. 'आम्ही मूळचे आयर्लंडचे' एवढं सगळे सांगतात. तिथल्या कुठल्या गावचे, असं विचारलं की गप्प होतात. हे हरवलेलं गाव कसं शोधतात, त्याविषयी आज बोलायचं आहे.

मुळात ही माणसं निघाली का? 1845 साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचं जवळजवळ सगळं जेवण बटाट्यावर. पुढची काही वर्षं पीक पुन्हा पुन्हा सडत गेलं. 1841 मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे 82 लाख होती, ती 1851 मध्ये सुमारे 65 लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि तापानं गेली, आणि दहा लाखांहून अधिक जहाजांत बसून परदेशी गेली. जहाजाच्या यादीत बहुतेकांच्या नावापुढे मूळ ठिकाण म्हणून एकच शब्द लिहिला गेला : आयर्लंड.

आता त्यांचे पणतू आणि खापरपणतू शोध घेऊ लागतात, तेव्हा पहिली धाव डब्लिनकडे घेतात. राजधानी आहे, तिथे सगळं दप्तर असेलच, असं वाटतं. पण 30 जून 1922 रोजी, तिथल्या यादवी युद्धात, फोर कोर्ट्‌सच्या आवारातलं सरकारी दप्तरखानं स्फोटात आणि आगीत नष्ट झालं. 1821 पासून 1851 पर्यंतच्या चार शिरगणत्यांची बहुतेक पानं त्यात जळाली. पुढच्या चार शिरगणत्यांचे कागद तर सरकारनं स्वतःच आधी नष्ट केले होते. पूर्ण अशा हाती राहिल्या त्या 1901 आणि 1911 च्या. दुष्काळात निघून गेलेला माणूस त्यांत सापडणार कसा?

म्हणून जाणकार सांगतात, उलट्या दिशेनं चाला. पूर्वज जिथून निघाला तिथून नव्हे, जिथे स्थिरावला तिथून सुरुवात करा. ज्या शहरात त्यानं विटा वाहिल्या, जिथे लग्न केलं, जिथे तो पुरला गेला, तिथले कागद आधी पाहा. चर्चच्या लग्नाच्या वहीत कधी आईबापांची नावं असतात, कधी मूळ परगण्याचं नाव. त्या काळच्या कित्येक थडग्यांवर 'अमुक परगण्याचा रहिवासी' असं कोरलेलं सापडतं. 1906 पूर्वी अमेरिकेत नागरिकत्व देण्याचं काम स्थानिक न्यायालयंही करत, त्यामुळे तो कागद एखाद्या लहानशा कचेरीत पडून असू शकतो.

बॉस्टनच्या 'पायलट' या वृत्तपत्रात 1831 पासून 1921 पर्यंत हरवलेल्या माणसांच्या जाहिराती येत. बहीण भावाला शोधते आहे, बायको नवऱ्याला. आपलाच माणूस ओळखू यावा म्हणून त्यांत गावाचं, जहाजाचं, शेवटच्या मुक्कामाचं नाव दिलेलं असे.

न्यूयॉर्कमध्ये 1850 साली आयरिश स्थलांतरितांसाठी एक बचत बँक निघाली. खातेदारांत बरेच निरक्षर, सहीच्या जागी फुली मारणारे. मग पैसे काढायला आलेला माणूस तोच, हे ओळखायचं कसं? बँकेनं खातं उघडतानाच विचारून ठेवलं : जन्म कुठला, आईबाप कोण, भावंडं किती, कुठल्या जहाजानं आलात? कुणी खोटा माणूस पैसे नेऊ नये, एवढाच हेतू. पण बँकेच्या त्या सावधगिरीमुळे ज्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही, त्यांच्या घरादाराची माहिती टिकली.

गावाचं नाव हाती आलं की मगच आयर्लंडला जायचं. तिथे साठ हजारांहून अधिक 'टाउनलँड' आहेत, म्हणजे आपल्या वाड्या-मजऱ्यांसारखे जमिनीचे लहान तुकडे. 1847 ते 1864 या काळात ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जमिनीची आणि घरांची मोजदाद झाली. तिच्यात कुठल्या टाउनलँडमध्ये कोण राहत होतं ते कळतं. कॅथलिक चर्चच्या जुन्या वह्या तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं 2015 मध्ये सर्वांसाठी मोफत खुल्या केल्या. मात्र त्यांतल्या कितीतरी वह्यांत नावं लॅटिनमध्ये आहेत. घरी ज्याला जेम्स म्हणत, तो वहीत याकोबुस होतो. आणि एकाच परगण्यात एकाच नावाची माणसं डझनावारी. अशा वेळी एकट्या माणसाच्या मागे लागून भागत नाही. त्याचा भाऊ कोण, लग्नाला साक्षीदार कोण, बाप्तिस्म्याला मूल कुणी धरलं, शेजारी कोण, हे पाहावं लागतं. गरीब माणूस सापडतो तो त्याच्या गोतावळ्यातून.

याचं मोठं बोलकं उदाहरण म्हणजे अ‍ॅनी मूर. 1 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस आयलंड हे ठाणं सुरू झालं, तेव्हा तिथे पहिलं पाऊल टाकणारी ही कॉर्कची मुलगी. बरोबर दोन धाकटे भाऊ. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं, पुढे तिचे पुतळे उभे राहिले. ती पश्चिमेकडे टेक्सासला गेली आणि तिथे अपघातात वारली, असं कित्येक वर्षं सांगितलं जाई. त्या टेक्सासच्या बाईंच्या वंशजांना समारंभांत मानही मिळे.

मेगन स्मोलेन्याक या वंशावळीच्या अभ्यासक बाईंनी शिरगणतीचे कागद काढून पाहिले. टेक्सासची अ‍ॅनी जन्मली होती अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात! मग खरी कुठे गेली? 2006 साली न्यूयॉर्क शहराच्या अभिलेखागाराच्या प्रमुखांना एक कागद सापडला. तोही अ‍ॅनीचा नव्हे, तिचा भाऊ फिलिप याच्या नागरिकत्वाचा. त्या धाग्यानं बहीण सापडली. ती कुठेच गेली नव्हती. मॅनहॅटनच्या त्याच गरीब वस्तीत राहिली, लग्न केलं, बरीच मुलं झाली, त्यांतली कितीतरी लहानपणीच गेली. 1924 साली ती वारली आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत विनानावाच्या जागी पुरली गेली. 2008 मध्ये तिथे आयरिश दगडाची शिळा बसवली आणि तिच्यावर तिचं नाव आलं.

मी कविता लिहिणारा माणूस, कल्पनेची बाजू घ्यायची मला सवय. टेक्सासची गोष्ट निश्चितच अधिक रंगतदार होती. पण त्या गोष्टीच्या झगमगाटात खरी बाई चौऱ्याऐंशी वर्षं बिननावाची पडून होती. तिला तिची जागा परत मिळाली ती एका कचेरीतल्या कागदामुळे आणि तो वाचणाऱ्यांच्या चिकाटीमुळे. गरिबांना आपला इतिहास लिहायला सवड नसते. त्यांचा इतिहास कारकुनाच्या अक्षरात असतो, चुकलेल्या स्पेलिंगसकट. म्हणून गावोगावच्या अशा वह्या जपायला हव्यात, आणि वाचताना आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीपेक्षा त्यात जे आहे ते मानायला हवं.

आज आपल्याकडचीही मुलं दूरदेशी स्थायिक होत आहेत. नातवंडांना देशाचं नाव कळेलच. तुम्ही त्यांना गावाचं आणि तालुक्याचं नाव तेवढं लिहून द्या.