नम्रता कोणाकडे मागायची?

ख्रिस्ती घरांत आणि मिशनच्या दवाखान्यांत दिवस मननाने सुरू करण्याची जुनी रीत आहे. पवित्र शास्त्रातला लहानसा उतारा वाचला जातो, त्यावर पाचेक मिनिटे कोणीतरी बोलते, ‘उपासना संगीता’तले एखादे गीत होते, प्रार्थना होते आणि मंडळी ड्युटीला लागतात. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान नेमून दिलेल्या पुस्तिकाही मिळतात. विषय फिरून फिरून तेच: विश्वास, नम्रता आणि प्रेमाने केलेली सेवा. यांपैकी विश्वासाचा हिशेब माणूस आणि देव यांच्यातला. तिसऱ्याने त्यात डोकावू नये. नम्रता आणि सेवा मात्र चारचौघांत घडतात, त्यामुळे त्यांची झडतीही चारचौघांत घेता येते. आज पदवी घेणाऱ्या डॉक्टर आणि नर्स विद्यार्थ्यांचे अभिनंदन. रीत पार पडली. आता त्या झडतीकडे वळायला हरकत नाही.

सेवेवरच्या मननात हमखास वाचला जाणारा उतारा योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला आहे. भोजनाच्या वेळी येशू उठतो, अंगावरची वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. हे काम त्या काळी घरातल्या गुलामाचे. पेत्राला ते सहन होत नाही, तो पाय मागे घेऊ पाहतो. कथेतला क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: वाकतो तो गुरू, शिष्यांना सांगणे होते ते त्यानंतर.

दवाखान्यांत हा क्रम सर्रास उलटा होतो. प्रस्तुत वक्ता ज्युनिअर असताना एका मिशन हॉस्पिटलात हाच उतारा एका ज्येष्ठ सर्जनांनी नर्सिंगच्या मुलींना समजावून सांगितला. सांगितला उत्तम, दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आले. अर्ध्या तासात राउंड सुरू झाला. एक मावशी बेडपॅन घेऊन दारातून बाहेर पडत होती, तेवढ्यात साहेब समोर. ती भिंतीला चिकटून उभी राहिली, बेडपॅनवरचे फडके नीट करत. साहेबांनी पेशंटसमोर तिची खरडपट्टी काढली, कारण राउंडच्या वेळी घाण दिसली. ती घाण दोन नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची होती आणि त्या वॉर्डात त्या सकाळी कमरेला रुमाल बांधलेले माणूस एकच होते. राउंड पुढे सरकला. सिस्टरांनी ‘सॉरी सर’ म्हटले, मावशीच्या वतीने. हे एका साहेबांचे किंवा एका हॉस्पिटलाचे वैगुण्य म्हणता आले असते तर बरे झाले असते; सरकारी वॉर्डात आणि खासगी नर्सिंग होमांतही चित्र तेच दिसते, मननाशिवाय.

मनन उपदेशापुरतेच असते असे नाही. मराठीत ख्रिस्ती मननाला घरची भाषा मिळाली ती नारायण वामन टिळकांमुळे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परदेशी चालींवरची भाषांतरित गीते मराठी माणसाच्या तोंडी बसत नाहीत हे ओळखून त्यांनी अभंग लिहिले. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि १९१९ मध्ये ते गेले. हे काव्य पूर्ण केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. मननाचा खरा नमुना हवा असेल तर लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचावे. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्या सोवळे पाळत होत्या. मग त्यांनी स्वतःशीच विचार केला आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले, बाप्तिस्मा त्यानंतरचा. त्यांना हे कोणी उपदेश करून शिकवले नव्हते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात बायबलचे मराठी भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केले ते साध्या बाईला वाचता यावे म्हणून, आणि त्याची छपाई तिथल्याच बायकांनी केली. ज्या बायकांना समाजाने टाकले होते त्यांच्या हातांनी छपाईचे ते खिळे जुळले, ही गोष्ट पुस्तिकांमधून फारशी येत नाही.

धाराशिवच्या श्रोत्यांना नम्रतेची परीक्षा म्हटली की तेरचे गोरोबाकाकाच आठवतात. संतमेळ्यात कोणते मडके कच्चे हे पाहायला ते थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकतात. नामदेव रागावतात आणि कच्चे ठरतात. पण आपला नावलौकिक बाजूला ठेवून गुरू शोधायला निघाले तेही नामदेवच, हा भाग कीर्तनाबाहेर विसरला जातो. आमच्या व्यवसायात तर ही कथा तक्रार करणाऱ्या नर्सला ऐकवली जाते: सोसा, पक्क्या व्हाल. गोरोबा कुंभार होते, त्यांचेच हात चिखलात होते. थापटणे कोणाच्या हातात आहे हे पाहिल्याशिवाय ती कथा सांगू नये.

या जिल्ह्याच्या अगदी शेजारी, भूमहून खर्ड्याच्या बाजूला पुढे गेले की जामखेड लागते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, दोघांचेही लग्नाच्या वेळीच ठरलेले की खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचे. सुरुवातीला त्यांनी गावागावांत शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. शहरातून आलेल्या मुली गावात रमल्या नाहीत, गावानेही त्यांना आपले म्हटले नाही. तेव्हा एका सरपंचाने सुचवले की गावातलीच बाई का शिकवत नाही? त्यातून ग्राम आरोग्य सेविका उभी राहिली: बहुधा निरक्षर, अनेकदा दलित, कधी टाकलेली. ती बाळंतपण करू लागली, मुलांची वजने घेऊ लागली, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे ते घरोघर दाखवू लागली, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखू लागली. पदवीधर मंडळींनी नाके मुरडली. आकड्यांनी त्यांचे ऐकले नाही. सुरुवातीला हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण तीसच्या खाली आले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुरस्काराहून बोलकी गोष्ट बोअरची आहे. दुष्काळाच्या काळात हातपंप बसवताना आरोळे यांनी ते दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला. पाणी हवे तर सगळ्या गावाने तिथे जायचे. स्पृश्यास्पृश्यतेवर एक प्रवचन न देता वरच्या आळीला खाली उतरावे लागले. तेराव्या अध्यायाचा इतका चोख अर्थ सांगणारी पुस्तिका पाहण्यात नाही.

इथे एक अडचण नोंदवली पाहिजे. जामखेडच्या सेविकाही पगारी नोकर नव्हत्या. मात्र त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहायला, लहानसा धंदा करायला मदत मिळत होती, आणि शिकायला त्या डॉक्टरांच्या बरोबरीने बसत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगाव आशा स्वयंसेविका नेमल्या गेल्या. जामखेडसारख्या प्रयोगांतून कल्पना घेतली गेली, बरोबरीची बैठक मागेच राहिली. आशाला कामागणिक मोबदला मिळतो, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरणे वाढत जाते, आणि बैठकीत तिची खुर्ची दाराशी. कंत्राटी सिस्टरची गतही फार वेगळी नाही. दोघींनी पैसे मागितले की उत्तर ठरलेले: हा सेवेचा पेशा आहे. हे वाक्य उच्चारणाऱ्याचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा झालेला असतो. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हाही सेवाभाव कुठे गेला, अशी विचारणा झाली. ती करणाऱ्यांत आमच्या व्यवसायातले लोक कमी नव्हते.

म्हणून रोजच्या मननाला, ते ख्रिस्ती असो वा आणखी कोणत्या धर्माचे, पदवीधराने एक अट घालावी. नम्रतेचा उतारा वाचताना तो वॉर्डात आपल्याहून वर कोण आहे हे आठवत वाचू नये, खाली कोण आहे हे आठवत वाचावा. मावशीचे नाव माहीत असावे, तिच्या सुट्टीच्या अर्जावर सही वेळेत व्हावी, नाईट करून निघालेल्या सिस्टरचे म्हणणे राउंडच्या आधी ऐकून घ्यावे, आशाने पाठवलेल्या बाईची चिठ्ठी न वाचता बाजूला पडू नये. बेडपॅनही कधीतरी स्वतः उचलावा; तो कुठे रिकामा करतात हे अनेक तज्ज्ञांना अजून माहीत नाही.