हिंडनचा काठ आणि खोसांची भूमी



गाझियाबादेजवळ हिंडनच्या काठी १८५७ च्या मे महिन्याच्या ३० व ३१ तारखांस मेरठहून आलेली आर्चडेल विल्सनची फौज आणि दिल्लीहून निघालेले शिपाई यांची गाठ पडली. पहिल्या दिवशी एका शिपायाने दारूगोळ्याच्या गाड्यावरच बंदूक झाडली. त्या स्फोटात तो स्वतः गेला आणि कॅप्टन अँड्र्यूजही गेला. कॅप्टनचे नाव इतिहासात राहिले, शिपायाचे राहिले नाही.

हाच दुआब त्यापूर्वी काही काळ मराठ्यांच्या सत्तेची उत्तर सीमा होता. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजजवळ लॉर्ड लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने हा प्रदेश कंपनीकडे गेला. अवधच्या नबाबाकडून आदल्या काळात घेतलेला मुलूख आणि हा मुलूख मिळून जे प्रांत झाले, त्यांना कंपनीने ‘दिलेले व जिंकलेले’ असे नाव ठेवले. देणाऱ्याची इच्छा कितपत होती, हा प्रश्न दप्तरात उद्भवत नाही.

हाच शब्द १८१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पुन्हा आला. हिंदुस्थानचा सागरी मार्ग राखण्यासाठी इंग्रजांनी केप घेतले होते, आणि तेथील पूर्व सीमेवर गुरे पाळणारा, शेती करणारा खोसा समाज राहत होता. १८११-१२ मध्ये सुमारे २०,००० खोसांना फिश नदीपलीकडे हाकलण्यात आले. १८१९ च्या युद्धानंतर फिश आणि केइस्कामा यांच्यामधला पट्टा ‘दिलेला प्रदेश’ ठरला. तो इंग्रजांचा मित्र म्हणवणाऱ्या न्गिका या राजाकडूनच घेण्यात आला, ही विशेष गोष्ट. पुढे सीमा की नदीपर्यंत सरकली. १७७९ पासून शंभर वर्षांत अशी नऊ युद्धे झाली.

या दोन्ही भूमींना जोडणारा एक माणूस आहे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर येथे ग्वाल्हेरच्या फौजेविरुद्ध लढलेला हॅरी स्मिथ १८४७ मध्ये केपचा गव्हर्नर झाला. त्याने माकोमा या खोसा सरदाराला जमिनीवर पाडून त्याच्या मानेवर पाय ठेवला. पुढील युद्धात माकोमाने त्याचे उत्तर दिले. इंग्रज फौजेला वॉटरक्लूफच्या डोंगरात त्याने बराच काळ झुंजवले.

मग १८५५ मध्ये युरोपातून आलेल्या फुप्फुसाच्या रोगाने खोसांची गुरे मरू लागली. १८५६ मध्ये नोंग्कावुसे या मुलीने सांगितले की, उरलेली गुरे मारावीत, धान्य टाकावे, पेरणी करू नये. मग पूर्वज नवी गुरे घेऊन परततील. अनेकांनी ऐकले, कारण दोन पिढ्यांत सगळेच हातातून गेले होते. सुमारे चार लाख गुरे मारली गेली. १८ फेब्रुवारी १८५७ हा ठरलेला दिवस रिकामा गेला. सुमारे चाळीस हजार माणसे उपासमारीने मेली. याला केवळ भोळेपणा म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. गव्हर्नर जॉर्ज ग्रेने मदतीऐवजी भुकेलेल्यांना मजूर म्हणून वसाहतीत पाठवले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर गोऱ्यांना वसवले.

ऑगस्टमध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे पत्र केपला पोचले. ग्रेने विलंब न लावता पलटणी हिंदुस्थानकडे रवाना केल्या. खोसांची शक्ती मोडली असल्यामुळेच त्याला एवढी फौज मोकळी करता आली. खोसांच्या भूमीवर वसवलेल्या जर्मन सैनिकांपैकी सुमारे हजार जण १८५८ मध्ये त्यांच्यामागून निघाले.