संकोचात दडलेला आजार आणि घोट्यावरील उपचार



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. परंतु दुकानाच्या गादीवर बसून एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. साठी ओलांडलेल्या बाई साडी निवडता निवडता अस्वस्थ होतात, सुनेच्या कानात काही सांगतात आणि खरेदी अर्ध्यावर टाकून दोघी उठतात. कारण कोणी उच्चारत नाही.

या विकाराला अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. मूत्राशय पुरते भरण्यापूर्वीच त्याचा स्नायू आकुंचन पावतो. एकाएकी अनावर घाई होते, रात्री वारंवार उठावे लागते, कधी वाटेतच वस्त्र ओले होते. मग आपल्या माता प्रवास टाळतात, समारंभास येत नाहीत, पाणी पिणेच तोडतात. त्याने लघवी गडद होऊन त्रास उलट वाढू शकतो. रात्री अंधारात लगबगीने उठताना पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे सारेच कठीण. “वय झाले, चालायचेच” हे वाक्य म्हणूनच मला फार महाग वाटते.

प्रथम जंतुसंसर्ग व मधुमेह यांची तपासणी, मग लघवी थोडी थोडी लांबवण्याची सवय आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, त्यानंतर गोळ्या, असा सर्वसाधारण क्रम आहे. काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो आणि वृद्धांमध्ये विस्मरण वा गोंधळ वाढण्याची भीती असते.

अशा वेळी नसेला विद्युत्-चेतना देण्याचा उपचार उपयोगी पडतो. मूत्राशय कोठे आणि घोटा कोठे, असे कोणालाही वाटेल! परंतु घोट्याच्या आतील बाजूने जाणाऱ्या टिबियल नसेचे आणि मूत्राशयावर ताबा ठेवणाऱ्या नसांचे काही तंतू कण्याच्या खालच्या भागातील त्याच मुळांतून निघतात. घोट्याच्या किंचित वर बारीक सुई टोचून सौम्य प्रवाह सोडतात; पायाचा अंगठा हलतो किंवा तळव्याला मुंग्या येतात. एका बैठकीस ३० मिनिटे, आठवड्यातून एकदा, अशा १२ बैठका. गुण आल्यास पुढे साधारण महिन्याला एक. अमेरिकेत यास २००० साली मान्यता मिळाली.

व्यापाऱ्याने जमेबरोबर नावेची बाजूही दाखवावी. अमेरिकेतील २२० रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या उपचाराने ५४.५ टक्क्यांना, तर केवळ देखाव्याच्या उपचाराने २०.९ टक्क्यांना मध्यम किंवा ठळक सुधारणा जाणवली. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना पुरेसा गुण आला नाही. फरक दिसण्यास काही आठवडे जातात; दोन बैठकांत कंटाळून सोडू नये. पेसमेकर असलेल्यांना किंवा रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. सुईऐवजी कातडीवर चिकटपट्ट्या लावण्याचा प्रकारही आहे. याखेरीज माकडहाडाजवळील नसेसाठी शरीरात बसवायचे यंत्र आहे, पण त्यास शस्त्रक्रिया लागते.

बारा आठवडे आईला कोण नेणार, हे मुलांनी आधीच ठरवावे. आणि मूत्ररोगतज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी तीन दिवस एका वहीत वेळा लिहून ठेवाव्यात: पाणी किती प्याले, लघवीस केव्हा गेले, घाई केव्हा झाली. पहिल्याच भेटीत डॉक्टर तीच वही मागतात.