रेघ मुंग्यांची, नजर विल्सन यांची

ओट्यावर मुंग्यांची रांग लागली की आपण लगेच फडकं घेतो, हो ना? त्या रांगेचं गुपित शोधणाऱ्यांपैकी एक म्हणजे एडवर्ड विल्सन.

जन्म १९२९, अमेरिकेतलं अलाबामा राज्य. सात वर्षांचा असताना मासे पकडताना माशाचा काटा उजव्या डोळ्यात गेला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे बारीक, उंच आवाजही ऐकू येईनात. मग पक्ष्यांचा अभ्यास कसा करणार? पण डाव्या डोळ्याला जवळचं अगदी बारीकसारीक दिसायचं. पोरगा मुंग्यांकडे वळला!

पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी मुंगीच्या पोटातली एक इवलीशी ग्रंथी काढली आणि तिच्या रसाने रेघ ओढली. मुंग्या निमूट त्या रेघेवरून चालू लागल्या. म्हणजे ती रांग नाही, वासाने लिहिलेला निरोप आहे.

विल्सन २०२१ मध्ये गेले. ते बजावून सांगायचे, माणसांवाचून कीटकांचं अडत नाही. कीटकांवाचून आपलं मात्र अडेल. म्हणून अर्धी पृथ्वी निसर्गासाठी राखा, असा त्यांचा आग्रह होता.

तेव्हा आज फडकं फिरवण्याआधी दोन मिनिटं ती रांग बघाच. भेटू पुढच्या भागात!