गोळीवरील कवच

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात कुंभवली येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या गावाशेजारीच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथे सिद्ध झालेल्या औषधी द्रव्याची कोठे तरी गोळी होते आणि ती फिरून आपल्याच घरी येते. त्या गोळीवरील कवचाविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वी गोळीवर साखरेच्या पाकाचे थरावर थर चढवीत. त्यास कित्येक दिवस लागत आणि गोळीही जड होई. 1950 नंतरच्या दशकात पातळ पटलाची रीत आली. फिरत्या पिंपातील गोळ्यांवर बहुवारिकांचे द्रावण फवारून ते उष्ण हवेने सुकवितात. वजन साधारणतः शेकडा 2 ते 4 एवढेच वाढते.

पुष्कळ गोळ्यांचे कवच केवळ कडू चव झाकते व दमटपणापासून रक्षण करते. परंतु काहींचे कवच औषधाचा वेग राखते. हायप्रोमेलोज आणि इथिलसेल्युलोज ही दोन्ही वनस्पतींच्या तंतुद्रव्यापासून केलेली, एकाच कुळातील भावंडे. पण स्वभाव निराळे. पहिले पाण्यात विरघळते, दुसरे विरघळत नाही. दोहोंचे मिश्रण पोटात गेले की पहिले विरघळून जाते आणि दुसऱ्यात सूक्ष्म छिद्रे उरतात. मातीत मिसळलेला तूस भट्टीत जळून माठ झिरपता होतो, तसेच हे. पहिल्याचे प्रमाण वाढविले तर औषध लवकर झिरपते, घटविले तर सावकाश.

आता आमच्याच घरची चूक सांगतो. आमच्या वृद्ध मावशींना रक्तदाबाची गोळी गिळवेना, म्हणून आम्ही ती खलबत्त्यात कुटून मधातून दिली. दिवसभर झिरपावयाचे औषध एकदमच अंगात भिनले. मावशी घेरी येऊन अंगणात कोसळल्या. दैव बलवत्तर म्हणून निभावले. प्रेमापोटी आम्ही कवच फोडले आणि त्यासरशी त्यामागील सारी विद्याच फुकट घालविली!

म्हणून भगिनींना आमची विशेष विनंती आहे. वेष्टनावर 'एस.आर.', 'ई.आर.', 'एक्स.एल.' अशी अक्षरे असल्यास गोळी कुटू नये, चावू नये. आम्लात टिकून आतड्यात विरघळणाऱ्या कवचाच्या गोळीसही हाच नियम. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. ते दुसरी योजना सांगतील.

कवच पातळ आहे, पण त्याचा मान राखावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.