वर्गातील बोलणे आणि शिकणे



शाळेला भेट देणारा अधिकारी वर्गाच्या दारात उभा राहतो. आत सारे चिडीचूप असते. शेरेबुकात ‘शिस्त उत्तम’ अशी नोंद होते. मुलांना काय समजले, हे मात्र त्या नोंदीवरून कळत नाही.

समजा, करवीर तालुक्यातील एखाद्या शाळेत बाष्पीभवनाचा पाठ चालू आहे. ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ असे विचारताच वर्ग गप्प होतो. फार तर एखादा विद्यार्थी पुस्तकातील व्याख्या म्हणून दाखवितो. तोच प्रश्न गुऱ्हाळावर नेला की चित्र पालटते. काहिलीतला रस उकळताना कमी का होतो? चुलवाणातील जाळ, रसावर येणारी मळी, गुळव्याची पाक पाहण्याची रीत, यांविषयी सारेच बोलू लागतात. त्यात एखादा म्हणतो, ‘‘पानी जळून जातंय की!’’ उत्तर चूक आहे. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने त्या तासातील तेच सर्वांत मोलाचे. ते उच्चारले गेले नसते, तर व्याख्या पाठ होऊनही चुकीची समजूत मनात तशीच राहिली असती. आता उकळत्या पाण्यावर थंड ताटली धरावी. तिच्या बुडाशी जमलेले थेंब पाहून, पाणी जळाले की त्याची वाफ झाली, हा वाद मुलेच आपसांत मिटवतील.

‘पानी’ हा उच्चार मात्र तेथल्या तेथे दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. ‘आल्तो’, ‘गेल्तो’ म्हणणाऱ्या मुलाला वाक्यागणिक अडविले, तर ते शुद्ध बोलू लागत नाही, बोलायचेच थांबते. प्रमाण भाषा वाचनलेखनातून सावकाश येते.

कोल्हापुरास हा विचार परका नाही. १९१७ साली शाहू छत्रपतींनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले, तेव्हा मूल शाळेच्या दारापर्यंत आणण्याचा प्रश्न होता. आत आलेल्या मुलाला वाचा देण्याचे काम लीलाताई पाटील यांनी हाती घेतले. १९८५ साली त्यांनी कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात शिक्षेच्या धाकाला थारा नव्हता आणि मुलांचे अनुभव हाच पाठाचा आरंभ होता.

एक शिक्षक आणि दोन इयत्ता असलेल्या शाळेत हे अवघड आहे, यात शंका नाही. तेथे आधी दोन-दोन मुलांनी आपसांत बोलावे आणि मग त्यांपैकी एकाने उभे राहून सांगावे. गलबला होईल, पण तो कामाचा असेल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मूल भयमुक्त असावे व त्याला आपली मते मोकळेपणाने मांडता यावीत, असे स्पष्ट नमूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत खोल्या, पोषण आहार, हजेरी हे विषय येतात, यावेतही. त्याबरोबरच सदस्यांनी एखादा तास वर्गात मागे बसावे आणि मुलांनी आपणहून किती प्रश्न विचारले, त्यांतले मुलींचे किती, एवढे मोजावे.